खिशातील साठ हजार संगिनी

रशियन झारशाहीचा इतिहास वाचताना वाचकाचे चित्त बहुधा राजे, राण्या आणि क्रांतिकारक यांच्याभोवतीच घोटाळत राहते. मला मात्र गेली कित्येक वर्षे त्या इतिहासातील एका दुय्यम पुरुषाने मोहिनी घातली आहे. त्याचे नाव मिखाईल आंद्रेयेविच मिलोरादोविच. आयुष्याची पहिली सत्तेचाळीस वर्षे हा गृहस्थ शिपाईगडी होता. शेवटची सात वर्षे तो सेंट पीटर्सबर्ग या राजधानीचा लष्करी गव्हर्नर-जनरल, म्हणजे त्या नगराचा सर्वाधिकारी शासक होता. पन्नासांहून अधिक लढायांत ज्याच्या अंगाला साधा ओरखडाही उठला नाही, असा त्याचा लौकिक, त्याला मृत्यू आला तो स्वतःच्याच शहरातील एका चौकात, स्वतःच्याच देशबांधवाच्या हातून. ही घटना १८२५ सालची.

माझे उभे आयुष्य एका नगरपालिकेच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि दप्तरे लावण्यात गेले. शूर माणसांविषयी मला आदर आहे. पण शूर माणूस खुर्चीवर येऊन बसला की कचेरीतल्या कारकुनाच्या मनात जी धाकधूक सुरू होते, तीही मी जाणून आहे. मिलोरादोविचचे चरित्र मी वारंवार वाचले ते या दोन भावनांच्या ओढाताणीतून.

त्याचा जन्म १७७१ चा. घराणे मूळचे सर्बियन. पीटर द ग्रेटच्या काळात पूर्वज हर्झेगोव्हिनातून रशियात आले आणि तिथलेच झाले. खानदानी मुलांच्या रिवाजाप्रमाणे बालवयातच त्याचे नाव शाही रक्षकदळाच्या पटावर चढले आणि शिक्षणासाठी त्याला कोनिग्सबर्ग, गटिंगेन, स्ट्रासबूर्ग अशा विद्यापीठांच्या गावी धाडण्यात आले. विद्येचा फारसा संस्कार त्याच्यावर झाला असे म्हणवत नाही. फ्रेंच भाषा तो सदैव बोले आणि सदैव चुकीची बोले, याच्या गमती त्याच्या समकालीनांनी चवीने नमूद केल्या आहेत. परंतु १७९९ साली वृद्ध सेनापती सुवोरोव्ह याच्या हाताखाली इटली आणि स्वित्झर्लंडच्या मोहिमेवर तो निघाला, तेव्हा त्याच्यातल्या खऱ्या गुणांना धुमारे फुटले. आल्प्सच्या एका बर्फाळ उतारावर सैनिक बिचकून उभे राहिले. तेव्हा, ‘पाहा आता, तुमच्या सेनापतीला शत्रू कसा पकडून नेतो ते!’ अशा अर्थाचे काहीतरी ओरडून त्याने स्वतःला पाठीवर झोकून दिले आणि घसरत तो खाली गेला. मागोमाग सगळे सैन्य उतरले. ही कथा रशियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या माणसाचा स्वभाव तिच्यात पुरता उतरला आहे. संकट दिसले की स्वतः पुढे व्हायचे. मागचे येतील, नव्हे आलेच पाहिजेत, ही श्रद्धा!

या श्रद्धेच्या बळावर त्याने पुष्कळ काही मिळविले. तुर्कांच्या युद्धात १८०६ साली त्याने बुखारेस्ट शहर वाचविले, त्याबद्दल त्याला रत्नजडित तलवार लाभली. १८१० साली त्याला कीएव्हचा लष्करी गव्हर्नर नेमण्यात आले. नागरी कारभाराशी त्याची ही पहिली गाठ. पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कीएव्हचा पोदिल हा नदीकाठचा जुना व्यापारी भाग आगीत सापडून भस्मसात झाला. गव्हर्नर स्वतः आगीच्या तोंडाशी उभा राहून माणसांना हुकूम देत होता, आणि पुढे आपद्‌ग्रस्तांसाठी मदत गोळा करण्यातही तोच पुढे होता. आगीशी त्याचे वैर रणांगणासारखे होते. परंतु आगीपूर्वीची व्यवस्था, म्हणजे घरांतील अंतर, पाण्याची सोय, लाकडी छपरांवरील निर्बंध या रुक्ष गोष्टी. त्या पोटात घालणारा अधिकारी वेगळ्या मातीचा असतो.

१८१२ साली नेपोलियन रशियावर चालून आला. बोरोदिनोच्या भीषण संग्रामानंतर कुतूझोव्हने मॉस्को सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा सैन्याची पिछाडी सांभाळण्याचे अत्यंत नाजूक काम मिलोरादोविचकडे आले. लाखावर सैनिक, जखमींच्या गाड्या आणि पळणारे नागरिक एकाच वेळी शहराच्या अरुंद रस्त्यांतून बाहेर पडत होते आणि पाठीशी नेपोलियनचा मेहुणा म्यूरा घोडदळासह येऊन भिडला होता. मिलोरादोविचने त्याला निरोप धाडला : आमचे सैन्य निर्वेधपणे जाऊ द्याल तर ठीक, नाहीतर मी रस्त्यारस्त्यातून, घराघरातून लढेन आणि तुमच्या हाती शहराऐवजी ढिगारा येईल. म्यूरा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबण्यास कबूल झाला. ही धमकी अंमलात आणण्याइतके बळ पिछाडीपाशी होते की नव्हते, याविषयी मला शंकाच आहे. शब्दाला वजन होते ते बोलणाऱ्याच्या मुद्रेमुळे. पुढे व्याझ्मा, क्रास्नी, लाइपझिग अशी एकेक रणे त्याने गाजविली. १८१३ साली त्याला काउंट ही पदवी मिळाली. आपली सरळ वृत्तीच आपल्याला तारते, अशा आशयाचे ब्रीदवाक्य त्याच्या घराण्याच्या मुद्रेवर होते.

आणि मग १८१८ चा ऑगस्ट महिना उजाडला. सम्राट अलेक्झांडरने या रणमर्दाच्या हाती आपली राजधानी सोपविली.

१८१८ म्हटले की मराठी वाचकाच्या काळजात कळ उठते. त्याच वर्षाच्या आरंभी मंदसोरच्या तहाने होळकरांचे स्वातंत्र्य आटोपले, आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्ताच्या वाटेला लागला. हा माल्कमही लष्करी अधिकारीच. त्याच वेळी त्याच्याकडे माळव्याची घडी बसविण्याचे काम आले. इंदूरकडील वाचकांना त्याचे नाव अपरिचित नाही. आपल्या दृष्टीने तो परचक्राचा प्रतिनिधी. पण त्याने त्या प्रांताचे वतनदार, महसूल, गावकी, ठाकूर-गिरासिये यांची बारीकसारीक माहिती जमवून मध्य हिंदुस्थानावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, हे नाकारता येत नाही. तलवार बाजूला ठेवल्यावर कागदाला हात घालण्याची शिस्त त्याच्यापाशी होती. मिलोरादोविचपाशी नेमके तेच नव्हते.

याचा अर्थ तो वाईट शासक होता असा मात्र नव्हे. तुरुंगातील कैद्यांची स्थिती सुधारावी म्हणून त्याने खटपट केली. शहरातील दारूचे गुत्ते कमी केले, त्यांतील जुगाराला बंदी घातली. त्याचा दरवाजा गरिबाला बंद नसे. स्वतः तो कायम कर्जात बुडालेला असे. पैसा हाती आला की तो मेजवान्यांत, बक्षिसांत आणि दानधर्मात उडून जाई. कर्जावाचून माणसाला जगताच कसे येते हे आपल्याला उमगत नाही, असे तो थट्टेने म्हणे म्हणतात. अशी माणसे आपण आपल्या गावागावांतून पाहतोच. जत्रेत सर्वांआधी पालखीला खांदा देतील, समाराधनेला पदरमोड करून शंभर पाने जास्त वाढायला लावतील, कुणाच्या घरी आपत्ती आली तर मध्यरात्री धावतील. पण देवस्थानचा जमाखर्च त्यांच्या हाती दिला की वर्षअखेरीस कोणती पावती कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. पैसा त्यांनी खाल्लेला नसतो. केवळ पावती जपून ठेवावयाची असते, हे त्यांच्या मनाला कधी शिवतच नाही. महाजनांच्या सभेत अशा माणसाविरुद्ध बोलायला कुणाची जीभ उचलत नाही, आणि त्याचे समर्थनही धडपणे करता येत नाही.

मिलोरादोविचचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे असे आहेत.

पहिला १८२० च्या वसंतातला. विशीतला कवी पुश्किन याच्या राजद्रोही कविता आणि चारोळ्या हस्तलिखितांतून शहरभर फिरत होत्या. गव्हर्नर-जनरलच्या एका हेराने कवीच्या नोकराला पैशाची लालूच दाखवून त्या मिळविण्याचा प्रयत्न केला. नोकर बधला नाही. कवीने घरी येताच सर्व कागद जाळून टाकले. दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणे आले. ‘कागद जळाले, पण कविता माझ्या डोक्यात आहेत,’ असे सांगून पुश्किनने तिथेच बसून आपल्या सगळ्या निषिद्ध रचना स्वहस्ते लिहून दिल्या. आता त्याला सैबेरियाची वाट दाखवावयाची, हे कुठल्याही शासकाने केले असते. मिलोरादोविच मात्र कवीच्या या दिलेरीवर इतका खूष झाला की त्याने हस्तांदोलन करून सम्राटाच्या नावाने त्याला जागच्या जागी क्षमा देऊन टाकली. सम्राटाला विचारलेच नव्हते! अलेक्झांडरच्या कपाळाला आठी पडली. अखेर पुश्किनची बदली म्हणून दक्षिणेकडे रवानगी झाली, सैबेरिया टळला. पुश्किनचे सारे मोठे लेखन यानंतरचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका हस्तांदोलनाचे मोल कळते.

दुसरा प्रसंग दोनच वर्षांनंतरचा. १८२२ साली कारातीगिन नावाचा तरुण नट नाटकगृहाचा संचालक समोरून जात असता अदबीने उठून उभा राहिला नाही. नाटकगृहांवर देखरेख करणाऱ्या समितीत मिलोरादोविच होता, आणि नटनट्यांच्या जगात त्याचे मन रमे. त्याने त्या नटाला पकडून थेट पीटर आणि पॉल यांच्या किल्ल्यात, म्हणजे राजद्रोह्यांच्या तुरुंगात, नेऊन टाकले. दोन दिवसांनी सोडले. पण सोडण्याआधी एका आईने किती पायऱ्या झिजविल्या असतील! त्याच वर्षी कातेनिन या लेखकाला नाटकगृहात आरडाओरडा केल्याबद्दल राजधानीतून हद्दपार व्हावे लागले.

राजद्रोहाला क्षमा आणि बसून राहण्याला किल्ला! वाचकहो, या दोन निवाड्यांमागे मन एकच आहे. पहिल्या वेळी ते मन उमदेपणावर भाळले, दुसऱ्या वेळी उर्मटपणावर चिडले. कायद्याचे पुस्तक दोन्ही वेळी मिटलेलेच होते. पुश्किनच्या निमित्ताने आपण मिलोरादोविचला धन्यवाद देतो. पण ज्या नगरात क्षमा ही शासकाच्या लहरीवर मिळते, तिथे शिक्षाही त्याच लहरीवर मिळावयाची, हे त्या नटाच्या घरच्यांना विचारावे.

१८२४ च्या नोव्हेंबरात नेवा नदी शहरात शिरली. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ती तारीख ७ होती. फिनलंडच्या आखातावरून आलेल्या वादळी वाऱ्याने नदीचे पाणी उलटे लोटले गेले आणि नेहमीच्या पातळीपेक्षा चार मीटरांहून अधिक चढले; पीटर्सबर्गच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा पूर. रस्त्यांच्या नद्या झाल्या, घरांच्या नावा झाल्या. त्या दिवशी गव्हर्नर-जनरल नावेत बसून बुडणाऱ्यांना काढीत फिरत होता. पाठीवर झोकून देऊन आल्प्स उतरणारा तरुण सेनापती त्रेपन्नाव्या वर्षीही तसाच होता.

पण पुराचे पाणी डोळ्यांना दिसते. १८२५ साली राजधानीत जे पाणी चढत होते, ते दिसणारे नव्हते. नेपोलियनला पिटाळून पॅरिसपर्यंत जाऊन आलेल्या तरुण सरदारपुत्रांना आपल्या देशातील भूदासांची गुलामगिरी आणि झारची निरंकुश सत्ता असह्य झाली होती. त्यांच्या गुप्त मंडळ्या १८१६ पासून चालल्या होत्या. खुद्द मिलोरादोविचच्या कचेरीत काम करणारा, पुश्किनची वरील हकीकत ज्याने लिहून ठेवली तो कवी-अधिकारी फ्योदोर ग्लिंका, काही काळ अशा मंडळीचा सभासद होता! नगरशासकाच्या मेजापासून चार हातांवर बसलेला माणूस, आणि नगरशासकाला त्याची वार्ता नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सम्राट अलेक्झांडर दक्षिणेत तागानरोग येथे मरण पावला. त्याला पुत्र नव्हता. थोरला भाऊ कॉन्स्टंटाइन याने गादीवरचा हक्क आधीच सोडला होता. परंतु तो करार मोहोरबंद लिफाफ्यांत गुप्त ठेवलेला. धाकटा भाऊ निकोलस गादीवर बसू पाहताच मिलोरादोविच आडवा आला : रक्षकदळ निकोलसला मानणार नाही, शपथ कॉन्स्टंटाइनच्या नावानेच झाली पाहिजे. कायद्याच्या बाजूने पाहता त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. जाहीर न झालेल्या कागदाने प्रजा कशी बांधली जावी? परंतु कुणीतरी त्याला एवढ्या धाडसाविषयी छेडले, तेव्हा, ज्याच्या खिशात साठ हजार संगिनी आहेत त्याला मोठ्याने बोलायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, असे नमूद आहे. हे वाक्य वाचले की मला त्याची सारी कारकीर्द त्यात दिसते. शहर म्हणजे घरे, हिशेब, माणसे, त्यांचे कज्जे हे नव्हेच. शहर म्हणजे संगिनी, आणि त्या आपल्या खिशात!

कॉन्स्टंटाइन वॉर्सात बसून ‘मला गादी नको’ म्हणत राहिला. पंधरा-सतरा दिवस रशियाला राजाच नव्हता. या पोकळीत गुप्त मंडळींनी उठावाचा बेत पक्का केला. १२ डिसेंबरला निकोलसच्या हाती कटाची बातमी आणि काही नावेही आली. त्याने मिलोरादोविचला बोलावून ती सांगितली. निकोलसने पुढे लिहून ठेवले की पोलिसांकरवी शोध घेण्याचे वचन मिळाले, पण निष्पन्न काहीच झाले नाही. यशस्वी झालेल्या राजाने मृत सेवकाविषयी लिहिलेले हे शब्द सावधपणेच घ्यावयाचे. तरीही १३ तारखेला कटाचा सूत्रधार रिलेयेव्ह आपल्या घरी मित्रांसह खलबते करीत होता आणि कुणी त्याचे दार ठोठावले नाही, एवढे निर्विवाद आहे. गव्हर्नर-जनरल सांगत होता : शहर शांत आहे.

१४ डिसेंबरची सकाळ. निकोलसच्या नावाने नवी शपथ व्हावयाची होती. मिलोरादोविच राजवाड्यातील काम आटोपून नाटकमंडळींपैकी एका परिचिताच्या घरी फराळाला गेला. तिथे त्याला वार्ता कळली की मॉस्को रेजिमेंटचे सैनिक शपथ नाकारून सिनेट चौकात चौकोन धरून उभे राहिले आहेत.

यापुढची हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझ्यातला कारकून गप्प होतो. तो अश्वदळाच्या बराकीत गेला. स्वार तयार व्हायला वेळ लागत होता. तेवढा धीर त्याला नव्हता. त्याने एक घोडा मागून घेतला आणि बाशुत्स्की या एका सहायकाला बरोबर घेऊन, छातीवर सगळी पदके लावलेल्या गणवेशात, बंडखोर सैनिकांच्या समोर जाऊन तो उभा राहिला. तुमच्यापैकी जुन्या लढायांत माझ्याबरोबर कोण होते, असे त्याने विचारले. कॉन्स्टंटाइनने स्वतः दिलेली तलवार उपसून तिच्यावरील ‘माझा मित्र मिलोरादोविच यास’ हा लेख त्याने दाखविला. ज्याने मला मित्र म्हटले त्याच्याशी मी बेइमानी करीन काय? सैनिक चुळबुळू लागले. जुन्या सेनापतीच्या शब्दाने बंड मोडते की काय, अशी घडी आली.

तेव्हा कटवाल्यांपैकी ओबोलेन्स्कीने संगिनीने त्याचा घोडा वळविण्याचा प्रयत्न केला; त्यात मिलोरादोविचला जखम झाली. जवळजवळ त्याच क्षणी काखोव्स्की या निवृत्त तरुण अधिकाऱ्याने पिस्तूल झाडले. गोळी फुप्फुसात शिरली. माझ्यासाठी गोळी अजून ओतलीच गेलेली नाही, असे तो आयुष्यभर गमतीने म्हणत आला होता.

त्याला बराकीत नेऊन खाटेवर ठेवले. शल्यवैद्याने गोळी काढली, तेव्हा त्याने ती पाहावयास मागितली. ती पिस्तुलाची होती, शिपायाच्या बंदुकीची नव्हती. ते पाहून त्याने देवाचे आभार मानले आणि आपण सुखी आहोत असे म्हटले. शिपायाने आपल्याला मारले नाही! जीव चालला होता, आणि त्याला चिंता होती ती एवढीच. इकडे चौकात सायंकाळी निकोलसच्या हुकुमाने तोफांतून छर्रे सुटले आणि उठाव तासाभरात रक्तात बुडाला. मिलोरादोविच मध्यरात्रीनंतर, १५ तारखेच्या पहाटे गेला. जाण्यापूर्वी नव्या सम्राटाला त्याने कळविलेल्या शेवटच्या इच्छांत एक अशी होती की, आपल्या मालकीच्या सर्व भूदासांना मुक्त करावे. ते सुमारे १५०० होते. निकोलसने ती इच्छा मान्य केली.

ज्या भूदासांच्या मुक्तीसाठी काखोव्स्की आणि त्याचे सोबती चौकात उतरले, त्यांपैकी दीड हजारांची मुक्ती त्याच दिवशी, त्याच गोळीने जखमी झालेल्या माणसाने केली. उठावकऱ्यांना एकाही भूदासाची बेडी त्या दिवशी तोडता आली नाही. सबंध रशियातील भूदास मुक्त व्हायला १८६१ साल उजाडावे लागले. मिलोरादोविच जिवंत असता तर त्याने हे केले असते काय? भूदासपद्धती जावी असे विचार त्याच्या मनात होते, असे म्हणतात. पण हयातीत स्वतःच्या भूदासांना त्याने मोकळे केले नव्हते, कर्जाखाली दबलेल्या माणसाला ते परवडणारेही नव्हते. कर्जे, देणेकरी, दप्तरे हे सर्व गळून पडल्यावर, खाटेवर, एका वाक्यात त्याने ते करून टाकले. आल्प्सच्या उतारावर स्वतःला झोकून दिले होते तसेच.

कारकून या नात्याने मी त्याला दोषी धरतो. १३ तारखेच्या रात्री रिलेयेव्हचे दार ठोठावले गेले असते, तर दुसऱ्या दिवशी बर्फावर पडलेले पुष्कळ सैनिक आणि बघे आपापल्या घरी परतले असते, आणि पुढच्या जुलैत पाच तरुण फासावर चढले त्यांतले काही कदाचित वाचले असते. त्या पाचांत काखोव्स्कीही होता आणि रिलेयेव्हही. परंतु ज्या शासकाकडे असे दार मध्यरात्री ठोठावण्याची वृत्ती असते, त्याने १८२० साली पुश्किनशी हात मिळविला असता काय? निकोलसने पुढे गुप्त पोलिसांचे स्वतंत्र खाते उभारले आणि दप्तरांना तोटा राहिला नाही. त्याच्या तीस वर्षांत रशियात पावत्या सगळ्या जागच्या जागी होत्या. कवींना मात्र श्वास घ्यायला जड जात होते.

मिलोरादोविचला अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या आवारात पुरले. १९३७ साली तिथून त्याच्या अस्थी त्याच मठातील दुसऱ्या चर्चमध्ये हलविण्यात आल्या. पुश्किनने १८३३ साली त्या महापुरावर आपले ‘ताम्र अश्वारूढ’ हे काव्य रचले. त्यात सम्राटाचे सेनानी बुडणाऱ्यांना वाचवायला निघाल्याचा उल्लेख आहे. ओळीत नाव नाही. पण कवीने त्या ओळीला तळटीप जोडली, आणि तीत वाचवणाऱ्यांची जी दोन नावे दिली, त्यांतले पहिले काउंट मिलोरादोविच हे आहे. दुसरे बेन्केनदोर्फचे, निकोलसच्या त्या नव्या गुप्त खात्याचा प्रमुख तोच, आणि पुश्किनच्या कागदांवर नजर ठेवणाराही तोच.